धर्म कुठे ओसरतो, कुठे टिकतो

मला विचारलेला प्रश्न असा आहे: स्वीडन, चेक प्रजासत्ताक, एस्टोनिया, जपान अशा देशांत धार्मिक लोक इतके कमी का, आणि पोलंड किंवा अमेरिकेत इतके जास्त का? सोबत एक अंदाजही जोडला आहे, की शिक्षण आणि विज्ञान पोचलं की धर्म आपोआप मागे पडत असणार. धर्माचं समाजशास्त्र शिकवण्यात आणि धार्मिकतेची सर्वेक्षणं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा अंदाज मला जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकायला मिळतो. तो अगदीच निराधार नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवली तर फारसं काही हाती लागत नाही.

बाल्टिक समुद्राकाठचे दोन देश शेजारी ठेवून पाहा. लिथुआनिया आणि एस्टोनिया दोन्ही 1940 मध्ये सोव्हिएत संघाने गिळले, दोन्ही 1990-91 मध्ये पुन्हा स्वतंत्र झाले. मधल्या काळात दोन्हीकडच्या मुलांना शाळेत निरीश्वरवादाचे तेच धडे मिळाले, दोन्हीकडे चर्चच्या मालमत्ता जप्त झाल्या, दोन्हीकडच्या कित्येक धर्मगुरूंची रवानगी सैबेरियात झाली. शिक्षणाने आणि प्रचाराने धर्म जात असता तर दोन्हीकडचा निकाल सारखा लागायला हवा होता. 2021 च्या जनगणनेत लिथुआनियातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी आपला धर्म कॅथलिक असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी एस्टोनियात कुठलाही धर्म सांगणारे सगळे मिळून 29 टक्के भरले.

हा फरक सोव्हिएत फौजा यायच्या कितीतरी आधी पडलेला होता. एकोणिसाव्या शतकात लिथुआनिया रशियन झारच्या ताब्यात होता. 1864 पासून तिथे लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन पुस्तकांवर बंदी आली, ती थेट 1904 पर्यंत टिकली. तेव्हा प्रार्थनापुस्तकं आणि अंकलिप्या शेजारच्या प्रशिया या जर्मन राज्यात छापून चोरवाटांनी गावोगाव पोचवण्याचं काम एका बिशपने, मोतियेयुस व्हालान्चियुस यांनी, उभं केलं. भाषा, देश आणि चर्च यांची गाठ पडली ती तिथे. ती गाठ डोळ्यांनी पाहायची असेल तर शौल्याय शहराजवळची क्रुसांची टेकडी पाहावी. लोक तिथे हौतात्म्याची आठवण म्हणून, नवस म्हणून, घरच्या कुणाच्या नावाने क्रूस रोवत. 1961 मध्ये सरकारने टेकडीवर बुलडोझर फिरवले. लाकडी क्रूस जाळले, लोखंडी भंगारात घातले, दगडी फोडून टाकले. काही दिवसांत रातोरात नवे क्रूस उभे राहिले. पुन्हा सपाटीकरण, पुन्हा क्रूस, असं पुढच्या काळात अनेकदा झालं. तिथे क्रूस रोवणारा माणूस प्रार्थना करत होता आणि मॉस्कोला नकारही देत होता. या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या नव्हत्याच.

एस्टोनियाची कथा उलटी. तेराव्या शतकात जर्मन सरदारांनी तलवारीच्या जोरावर तिथे ख्रिस्ती धर्म आणला. पुढे तो लुथरपंथी प्रोटेस्टंट झाला, पण जमीनदार जर्मन आणि पाद्रीही बहुधा जर्मन, ही घडी शतकानुशतकं तशीच राहिली. शेतकऱ्याच्या लेखी पाद्री म्हणजे जमीनदाराच्या पंगतीतला माणूस. एकोणिसाव्या शतकात एस्टोनियन अस्मिता जागी झाली तेव्हा तिला दुसरं घर मिळालं: 1869 मध्ये तार्तू इथे भरलेला पहिला राष्ट्रीय गायन महोत्सव आणि त्यानंतरची समूहगायनाची परंपरा. 1980 च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत सत्तेविरुद्ध लाखो लोक मैदानांत जमले ते गाण्यासाठी. त्यामुळे सोव्हिएत राजवटीने चर्चवर घाव घातला, तेव्हा तो आपल्याच काळजावर बसला असं बहुतेक एस्टोनियनांना वाटलं नाही.

म्हणून कुणी एखाद्या देशाबद्दल विचारलं की मी आधी हे पाहतो: संकटाच्या काळात तिथली धर्मसंस्था कुणाच्या बाजूला होती? लोकांच्या, की लोकांवर राज्य करणाऱ्यांच्या?

चेक लोकांचं उत्तर सतराव्या शतकातच ठरलं. यान हुस या धर्मसुधारकाला 1415 मध्ये कॉन्स्टान्स इथे जिवंत जाळलं, आणि चेक लोकांनी त्याला आपला राष्ट्रपुरुष मानलं. 1620 मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या कॅथलिक सम्राटाने चेक प्रोटेस्टंट सरदारांचा पाडाव केला. पुढच्या वर्षी प्रागच्या जुन्या चौकात बंडाच्या 27 पुढाऱ्यांना देहदंड दिला, आणि मग देशाला सक्तीने पुन्हा कॅथलिक केलं. 1918 मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळलं, तेव्हा आठवड्याच्या आतच जमावाने त्याच चौकातला मरियमेचा स्तंभ दोर लावून पाडला. कम्युनिस्ट तोवर सत्तेच्या जवळपासही नव्हते. चेक लोकांच्या अधार्मिकतेचं सगळं खापर कम्युनिस्टांवर फोडणारे हा क्रम विसरतात. तीच कम्युनिस्ट राजवट सीमेपलीकडे पोलंडमध्येही होती. तिथे मात्र चर्चने, शेजारच्या साम्राज्यांनी पोलंड वाटून घेतला त्या फाळण्यांच्या काळापासून, पोलिश भाषा आणि स्मृती जपलेली होती. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले, लाखोंचे मेळावे झाले आणि पुढच्याच वर्षी सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचा उदय झाला.

मग परका सत्ताधीश निघून गेला किंवा अस्मितेला दुसरा आधार सापडला तर? कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1950 च्या दशकापर्यंत बहुतांश फ्रेंचभाषक कॅथलिक दर रविवारी मासला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात. शाळा चर्चच्या, इस्पितळं चर्चची, अनाथाश्रम चर्चचे. इंग्रजीच्या महासागरात फ्रेंच लोक टिकले ते चर्चमुळे, ही सार्वत्रिक भावना होती. 1960 मध्ये ज्याँ लसाज यांचं सरकार आलं आणि काही वर्षांत इस्पितळांचा खर्च सरकारने उचलला, 1964 मध्ये शिक्षण खातं उभं केलं. टिकून राहण्याची भिस्त चर्चकडून भाषेकडे सरकली. 1977 च्या फ्रेंच भाषा कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढ्या काळात रविवारी चर्चला जाणाऱ्या कॅथलिकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. विशेष म्हणजे त्या काळात देव आहे की नाही यावर तिथे मोठा वाद झालाच नाही. लोकांनी चर्चशी भांडण काढलं नाही, ते फक्त जायचे थांबले. एवढ्या झपाट्याने समाज बदलल्याची उदाहरणं माझ्या अभ्यासात थोडीच आहेत.

आयर्लंड त्याच वाटेने जरा उशिरा गेला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला मासला जात. 2016 च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे 78 टक्के होते, 2022 मध्ये 69. याचं सर्रास दिलं जाणारं कारण म्हणजे मुलांवरचे अत्याचार, चर्चच्या संस्थांत डांबलेल्या स्त्रिया आणि 2009 मध्ये बाहेर आलेले चौकशी अहवाल. त्या अत्याचारांची भीषणता मी कमी लेखत नाही. चर्चच्या शब्दाचं वजन त्यांनी कायमचं घालवलं. पण पाद्री व्हायला पुढे येणाऱ्या तरुणांची संख्या 1960 च्या दशकाच्या शेवटापासूनच घसरत होती. उतार आधी लागलेला होता, अहवालांनी वेग वाढवला.

लॅटिन अमेरिकेतला उरुग्वे मला फार बोलका वाटतो, आणि त्याच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. तिथे सोनं-चांदी नव्हती, वसाहत उशिरा झाली, त्यामुळे चर्च श्रीमंत कधी झालंच नाही. राजधानी माँतेविदेओला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला तो 1878 मध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होसे बाज्ये इ ओर्दोन्येस या राजकीय नेत्याच्या काळात राज्याने एकेक गोष्ट चर्चकडून काढून घेतली: 1906 मध्ये सरकारी इस्पितळांतले क्रूस उतरवले, 1907 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, 1909 मध्ये सरकारी शाळांतलं धर्मशिक्षण बंद केलं. 1919 च्या राज्यघटनेने चर्च आणि राज्य वेगळं झालं. त्याच सुमारास दिनदर्शिकाही बदलली. नाताळ सरकारी कागदावर ‘कुटुंब दिन’ झाला, ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह ‘पर्यटन सप्ताह’ झाला, आणि 8 डिसेंबरचा मरियमेचा सण ‘समुद्रकिनाऱ्यांचा दिवस’. सुट्ट्या त्याच, कारण वेगळं. आज उरुग्वेत पवित्र सप्ताहात लोक सहज पर्यटन सप्ताहाचेच बेत आखतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात तिथले 37 टक्के लोक कुठल्याच धर्माशी जोडलेले नव्हते. जवळच्याच पॅराग्वेत त्याच सर्वेक्षणात 89 टक्के कॅथलिक होते.

इथवरचं सगळं अस्मितेबद्दल आणि सत्तेबद्दल झालं. दुसरा धागा रोजच्या जगण्यातल्या सुरक्षिततेचा. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या राज्यशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून मांडलं, की जिथे आजारपण, बेकारी, म्हातारपण आणि अकाली मृत्यू यांची धास्ती लहानपणापासून कमी असते तिथे धार्मिकता हळूहळू उतरते. महत्त्व देशाच्या सरासरी श्रीमंतीपेक्षा, सामान्य माणसाला पायाखालची जमीन किती घट्ट वाटते याला. स्वीडनमध्ये 1862 मध्ये गावचा कारभार चर्चच्या परगण्यांकडून काढून स्वतंत्र स्थानिक संस्थांकडे दिला गेला, 1913 मध्ये सार्वत्रिक निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. गरीब, आजारी आणि वृद्ध माणूस पूर्वी पाद्र्याच्या दारात जायचा, तो सरकारी कचेरीत जाऊ लागला. त्याला देव नकोसा झाला नव्हता. देवाच्या दारी जाण्याचं एक रोजचं कारण मात्र उरलं नव्हतं.

या मांडणीला एक चांगला पुरावा न्यूझीलंडमधून मिळाला. 22 फेब्रुवारी 2011 रोजी ख्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला, 185 माणसं गेली. योगायोगाने 2009 पासून तिथे त्याच त्या हजारो लोकांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणारं एक सर्वेक्षण चालू होतं. भूकंपानंतरच्या फेरीत असं दिसलं, की देशात इतरत्र धर्म मानणारे थोडे घटले असताना भूकंपाची झळ बसलेल्यांत ते वाढले. अशी आधी-नंतरची तुलना आमच्या क्षेत्रात दुर्मीळ असते, म्हणून मी ती विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

अमेरिका या चौकटीत बसत नाही असं म्हणतात. मला ती बऱ्यापैकी बसते असं वाटतं. सगळ्या नागरिकांना आरोग्यविमा नाही, बाळंतपणाची पगारी रजा देशभर सक्तीची नाही, नोकरी गेली तर उपचारही हातचे जाऊ शकतात. अशा देशात अनोळखी शहरात आलेल्या कुटुंबाला पाळणाघर, आजारपणात जेवण आणि ओळखीची माणसं हे सगळं एका चर्चमध्ये मिळतं. खरी अडचण आखाती देशांची आहे. तिथे तेलाचा पैसा आहे, उपचार आणि शिक्षण नागरिकांना जवळपास फुकट आहे, तरी धार्मिकता उंच आहे. तिथे कायदा, घराणेशाहीची वैधता आणि शाळा यांच्या मुळाशीच धर्म आहे. म्हणजे सुरक्षितता एकटी पुरत नाही. पहिला धागा आधी सुटावा लागतो.

एक तिसरी मांडणीही आहे, धर्मांच्या बाजारपेठेची. रॉजर फिंके, रॉडनी स्टार्क आणि त्यांचे सहकारी म्हणाले, की सरकारी पगारावरचा पाद्री सुस्तावतो. स्पर्धा असली की पंथ कष्ट घेतात आणि लोक येतात. अमेरिकेत 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय चर्चचा मार्ग बंद केला आणि तिथे पंथांची रेलचेल झाली, हे खरं. पण एकाच चर्चचं वर्चस्व असलेला पोलंड धार्मिक राहिला आणि कितीतरी पंथ असलेल्या नेदरलँड्समधली चर्चं ओस पडली. या मांडणीला जितकं महत्त्व मिळालं तितकं तिचं बळ नाही, असं माझं मत आहे.

आता धर्म कमी होतो म्हणजे नक्की काय होतं, याकडे येऊ. लोकांना वाटतं की माणसं विचार करतात, वाचतात आणि श्रद्धा सोडतात. अशी माणसं असतात, पण देशाचा आकडा त्यांच्यामुळे हलत नाही. डेव्हिड व्होस आणि अलास्डेअर क्रॉकेट यांनी 2005 मध्ये ब्रिटनच्या आकडेवारीतून दाखवलं, की प्रौढ माणूस आयुष्यभर साधारण तितकाच धार्मिक राहतो. गळती होते ती आईवडिलांकडून मुलांकडे जाताना. दोघेही पालक धार्मिक असतील तर मुलं धार्मिक होण्याची शक्यता जेमतेम निम्मी. एकच पालक असेल तर त्याच्याही निम्मी. आणि दोघेही अधार्मिक असले तर मुलं जवळजवळ नक्कीच तशीच निघतात. हे गणित दोन-तीन पिढ्या चालू द्या, कुणाशीही वाद न घालता चर्चचे बाक रिकामे होतात.

पूर्व जर्मनीच्या राज्यकर्त्यांना हे नेमकं कळलं होतं. 1950 मध्ये तिथले दहातले नऊ लोक कुठल्या ना कुठल्या चर्चचे सदस्य होते. प्रोटेस्टंट घरात चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलाचा दृढीकरणाचा विधी व्हायचा. नवे कपडे, चर्चमध्ये सगळ्यांसमोर श्रद्धेचा उच्चार, मग नातेवाइकांची मेजवानी. राजवटीने 1954 मध्ये त्याच वयासाठी स्वतःचा समारंभ काढला, युगेंडवाइहे म्हणजे तरुणांची दीक्षा. सभागृहात फुलं, वाद्यवृंद, मान्यवरांचं भाषण. मुलामुलींनी मंचावर एकत्र येऊन समाजवादी देशाशी निष्ठेची शपथ घ्यायची, हातात एक देखणं पुस्तक मिळायचं, आणि मग घरी तीच मेजवानी. चर्चने आधी बजावलं की दोन्ही विधी चालणार नाहीत. पण समारंभ टाळणाऱ्या मुलाला पुढच्या शिक्षणाची दारं बंद होऊ शकत होती. पालकांनी मुलाच्या भवितव्याकडे पाहिलं. 1960 च्या दशकात बहुतांश मुलं तिकडे जाऊ लागली, आणि 1989 पर्यंत चर्चचे सदस्य साधारण एक तृतीयांशावर आले. बर्लिनची भिंत पडल्यावर लोक परततील अशी चर्चची अपेक्षा होती. ते परतले नाहीत, कारण जी प्रार्थना आईनेच कधी म्हटली नाही तिच्याकडे मूल परतणार कुठून? शपथेतला समाजवाद गेला तरी तो समारंभ पूर्व जर्मनीत आजही होतो.

पोलंडमध्ये दडपण असूनही ही साखळी तुटली नाही, कारण मुलाला घरी जे दिसत होतं त्याला देशाभिमानाचा आधार होता. आता तोच आधार पातळ होतोय. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 88 टक्के लोक कॅथलिक होते, 2021 मध्ये 71 टक्के. यातला एक मोठा भाग ‘उत्तर देत नाही’ म्हणणाऱ्यांचा आहे, पाचातल्या एकाने उत्तर टाळलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तरीही तरुण आणि ज्येष्ठ यांच्यात तिथे दिसणारी दरी जगातल्या सर्वांत मोठ्या दऱ्यांपैकी आहे.

आकडे वाचताना प्रश्न कसा विचारला होता हेही पाहत जा. इंग्लंड-वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत ‘तुमचा धर्म कोणता?’ असं विचारलं होतं आणि 25 टक्के लोकांनी ‘कुठलाच नाही’ लिहिलं. त्याच सुमाराच्या ब्रिटिश सामाजिक सर्वेक्षणात ‘तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का?’ असा प्रश्न होता, तिथे ‘नाही’ म्हणणारे जवळपास निम्मे निघाले. पहिला प्रश्न धर्म असल्याचं गृहीत धरतो, दुसरा नाही. जपानमध्ये तर बहुसंख्य लोक आपल्याला धर्म नाही असं सांगतात आणि नववर्षाला देवळात रांगा लावतात, घरात पूर्वजांचं बौद्ध देवघर ठेवतात. 1995 मध्ये एका पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला, त्यानंतर संघटित धर्माबद्दलचा तिथला संशय आणखी वाढला. स्वीडनमध्ये 1996 पर्यंत मूल जन्मतःच चर्चचं सदस्य व्हायचं. त्यामुळे 2000 मध्ये चर्च राज्यापासून वेगळं झालं तेव्हा सदस्य 80 टक्क्यांहून अधिक होते, आणि दर रविवारी येणारे मोजके. रशियात उलट झालं. 1991 नंतर स्वतःला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणवणारे दुपटीच्या आसपास वाढले, दर आठवड्याला चर्चला जाणारे एक आकडी टक्क्यांतच राहिले. नाव परत आलं, सवय परत आली नाही.

सगळ्यांत जास्त विचारणा सध्या अमेरिकेबद्दल होते. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत 1999 मध्ये तिथले 70 टक्के लोक कुठल्या तरी प्रार्थनास्थळाचे सदस्य होते, 2020 मध्ये 47 टक्के. प्यूच्या 2023-24 च्या मोठ्या सर्वेक्षणात ख्रिस्ती म्हणवणारे 62 टक्के आले, आणि काही वर्षं हा आकडा जागच्या जागी असल्यामुळे घसरण थांबली अशा बातम्या झाल्या. मला ते घाईचं वाटतं. त्याच सर्वेक्षणात सर्वांत ज्येष्ठ वयोगटात ख्रिस्ती 80 टक्के आहेत आणि 18 ते 24 वयोगटात 46. आज विशीत असलेली ही मुलं आपल्या मुलांना दर आठवड्याला कुठे घेऊन जातात, यावर 2050 चा आकडा ठरेल.